आयुकाची दारं सर्वांना खुली

राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त पुणे विद्यापीठाच्या आवारातली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था आबालवृद्धांसाठी खुली होते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ‘रामन परिणाम’ शोधला. त्याच्या स्मरणार्थ १९८७ पासून हा दिवस देशभर साजरा होतो.

मुलांना घेऊन गेलात तर तिथल्या फुकोच्या लंबकापाशी मुळीच घाई करू नका. त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू सरकत जाते, कारण खालची पृथ्वी फिरत असते. इतका साधा आणि देखणा पुरावा दुसरा नाही! ध्रुवावर या दिशेची पूर्ण फेरी सुमारे २४ तासांत पुरी होते, पुण्याच्या अक्षांशावर मात्र सुमारे ७५ तास लागतात. विषुववृत्तावर तर झोक्याची दिशा सरकतच नाही. असं का, हे मुलांनाच तिथल्या संशोधकांना विचारू द्या.