काळी वाइन आणि नदीचे मुख
(लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण बोर्दोच्या वाइनची १८५५ची प्रतवारी पाहिली. आज त्या प्रतवारीच्या आसपासही नसलेल्या एका गावाकडे वळू. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लोत नदीच्या नागमोडी वळणात काओर वसले आहे. गावाच्या तीन बाजूंना पाणी. इथली रेड वाइन मुख्यतः माल्बेक द्राक्षाची. रंग इतका गडद की तिला ‘काळी वाइन’ म्हणू लागले. मध्ययुगात ती इंग्लंडपर्यंत जात होती. तरीही आज बोर्दो जगाला ठाऊक आणि काओर फक्त जाणकारांना. याचे कारण विचारले की वाइनवर लिहिणारे मातीकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. काओरचे नशीब मातीपेक्षा पाण्याने ठरवले, आणि पाण्यानेही नव्हे, तर ते समुद्राला जिथे मिळते तिथे बसलेल्या व्यापाऱ्यांनी.

लोत गारोनला मिळते आणि गारोन बोर्दोवरून समुद्राकडे जाते. काओरच्या पिंपांना दुसरी सोयीची वाटच नव्हती. ११५२ मध्ये, बोर्दो ज्यात येते त्या अक्वितेनच्या एलिनॉरचे लग्न पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी झाले आणि १४५३ पर्यंत बोर्दो इंग्रजी राजसत्तेखाली राहिले. राजाला या बंदराची निष्ठा हवी होती. बंदराने तिची किंमत सवलतींच्या रूपात वसूल केली. नदीच्या वरच्या अंगाची वाइन ठरावीक तारखेआधी, पुढेपुढे तर नाताळाआधी, बोर्दोत विकायला बंदी झाली. वरवर पाहता हा दोन-तीन महिन्यांचा उशीर. पण त्या काळी वाइन टिकत नसे. मागच्या वर्षीची आंबट होऊ लागली की नव्या वाइनसाठी इंग्लंडची जहाजे शरद ऋतूतच येत आणि माल भरून निघून जात. म्हणजे काओरचा माल विक्रीला खुला होई तेव्हा मोठे गिऱ्हाईक पांगलेले असे. शिवाय बोर्दोच्या मापाचे पिंप वापरायची इतरांना मनाई होती. गंमत अशी की बोर्दोची स्वतःची वाइन फिकी निघाली, तर तिला रंग आणि जोर यावा म्हणून हीच काळी वाइन तिच्यात मिसळत. माल चालत होता, नाव चालत नव्हते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. फ्रान्सचा अर्थमंत्री तुर्गो याने १७७६ मध्ये हे निर्बंध उठवले. मग पुढच्या शंभर वर्षांत काओरने मुसंडी का मारली नाही? लागवड वाढली हे खरे, पण तोवर दलाल, गोदामे, परदेशी पेढ्या, उधारीची साखळी हे सगळे बोर्दोत साचलेले होते. कायदा एका फर्मानाने रद्द होतो, पाच शतकांची बाजारपेठ होत नाही. १८५५ची प्रतवारीसुद्धा बोर्दोच्याच दलालांनी बाजारभावावरून केली होती, हे आपण पाहिलेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काओरला खरा फटका बसला तो फिलॉक्सेराचा. मुळे पोखरणाऱ्या या किडीने १८७० नंतर इथले मळे उद्ध्वस्त केले. त्यात माल्बेक लहरी. फुलोऱ्यात थंडी-पाऊस झाला की फळच धरत नाही. पुढे फेब्रुवारी १९५६च्या कडाक्याने उरलेसुरले वेलही जाळले. पण कीड बोर्दोतही आली होती आणि १९५६चा गारठाही. तिथे पुन्हा लागवड करायला भांडवल आणि वाट पाहणारे गिऱ्हाईक होते. गारठ्यानंतर तर तिथल्या बऱ्याच मळेवाल्यांनी माल्बेक सोडून मर्लो लावले. काओरच्या शेतकऱ्याने मात्र फिलॉक्सेरानंतर हलक्या संकरित जातींवर भागवले. काओरजवळच्या पार्नाकची वाइन उत्पादकांची सहकारी संस्था १९४७ मध्ये निघाली आणि १९७१ मध्ये काओरला नामसंरक्षणाचा दर्जा मिळाला. त्या नियमांनुसार वाइनमध्ये किमान ७० टक्के माल्बेक लागते. संकट दोघांवर सारखेच आले, सावरण्याची ताकद सारखी नव्हती.

माती निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. लोतच्या काठच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या जमिनीतली वाइन आणि वरच्या चुनखडीच्या पठारावरची वाइन यांतला फरक जिभेला कळतो. पण चव आणि कीर्ती या दोन गोष्टी आहेत. माल्बेकच त्याची साक्ष देते. मिशेल पूजे या फ्रेंच तज्ज्ञाने १८५३ मध्ये ते अर्जेंटिनात मेंडोझाला नेले. मेंडोझा समुद्रापासून शेकडो मैल आत, अँडीजच्या पायथ्याशी. पण १८८५ मध्ये तिथे रेल्वे पोहोचली आणि ब्युनोस आयर्सची बाजारपेठ खुली झाली. पुढे माल्बेक जगभर अर्जेंटिनाचे द्राक्ष म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि काओरचे उत्पादक आपल्याच जुन्या वेलाचे नाव बाटलीवर ठळक छापू लागले ते त्यानंतर.