वेचून काढलेले गोचीड

टेक्सासचे लांब शिंगांचे कळप उत्तरेच्या बाजाराकडे निघाले, की वाटेवरच्या शेतकऱ्यांच्या पोटात गोळा येई. परकी गुरं धडधाकट असत. पण ती ज्या कुरणात चरून गेली, तिथल्या गावच्या गायी महिना-दीड महिन्याने तापाने फणफणत, लाल लघवी करत आणि मरत. १८६८ मध्ये ही साथ इलिनॉयपर्यंत पोचली. मिसुरीतले शेतकरी तर बंदुका घेऊन कळप अडवत. हे गोचिडांचं काम, असं गुरं राखणारे म्हणत; जाणकारांनी ते मनावर घेतलं नाही.

अमेरिकी सरकारने पशुरोगांसाठी १८८४ मध्ये खास कार्यालय काढलं. त्याचा पसारा पुढे खूप वाढला, पण खिळवून ठेवतं ते वॉशिंग्टनजवळचं त्याचं प्रायोगिक शेत आणि ते सांभाळणारा पशुवैद्य फ्रेड किलबोर्न.

१८८९ च्या उन्हाळ्यात तिथे दक्षिणेकडून गोचिडांनी भरलेली गुरं आणली गेली. एका कुंपणात ती उत्तरेकडच्या निरोगी गुरांबरोबर तशीच सोडली. दुसऱ्या कुंपणातल्या दाक्षिणात्य गुरांच्या अंगावरचे गोचीड आधी हातांनी वेचून काढले. कान, कास, शेपटीखालचा भाग असं सगळं चाचपत, पुन्हा पुन्हा. तिसऱ्यात दक्षिणेचं एकही जनावर नव्हतं, फक्त गोचीड गवतावर पसरले होते. पहिल्या आणि तिसऱ्या कुंपणातली उत्तरेची गुरं आजारी पडली. दुसऱ्यातली ठणठणीत राहिली. चिमटीने केलेल्या त्या कंटाळवाण्या कामाइतका निर्विवाद पुरावा वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मग त्याच कार्यालयातले शास्त्रज्ञ थिओबाल्ड स्मिथ यांनी प्रयोगशाळेत गोचिडाची अंडी उबवून निघालेली पिल्लं निरोगी गुरांवर सोडली आणि तीही आजारी पडली. या पिल्लांनी कोणाचंही रक्त चाखलं नव्हतं, म्हणजे रोगाचा सूक्ष्म परजीवी आईकडून अंड्यातून आला होता. स्मिथ आणि किलबोर्न यांचा अहवाल १८९३ मध्ये निघाला. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसायला अजून चार वर्षं होती.

महिन्याभराच्या उशिराचं कोडंही सुटलं. हा गोचीड पिल्लू असताना एका जनावरावर चढतो आणि साधारण तीन आठवडे तिथेच कात टाकतो, वाढतो, मीलन करतो. रक्ताने फुगलेली मादी खाली पडते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. ती अंडी उबायला काही आठवडे जातात. दक्षिणेची गुरं मात्र वासरू असतानाच सौम्य आजार काढून सावरत आणि जन्मभर परजीवी रक्तात वागवत.

हा जीवनक्रम बारकाईने मांडणारे पशुवैद्य कूपर कर्टिस यांनी पुढे गोचीड समूळ नाहीसा करण्याचा आग्रह धरला. गोचीड तीन आठवडे एकाच जनावरावर राहत असेल, तर दर पंधरवड्याला प्रत्येक गाय औषधात बुडवली, की एकही मादी पोट भरून खाली पडत नाही. १९०६ मध्ये मोहीम सुरू झाली. आर्सेनिकच्या पाण्याचे हौद बांधले गेले. चिडलेल्या शेतकऱ्यांनी काही हौद सुरुंगाने उडवलेसुद्धा. तरी १९४३ पर्यंत टेक्सासच्या दक्षिण सीमेवरची विलगीकरण पट्टी सोडून देश मोकळा झाला. त्या पट्टीत आजही सरकारी घोडेस्वार रिओ ग्रांदे नदीच्या काठाने मेक्सिकोतून आलेली भटकी गुरं शोधत फिरतात.

या सगळ्या हिशेबाला एक अट होती: गोचिडाला गायीखेरीज चांगला आसरा नको. ती आता मोडली आहे, आणि मोडणारा प्राणी आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीचा आहे. साधारण शतकापूर्वी टेक्सासमधल्या किंग रँचवर शिकारीसाठी नीलगायी सोडल्या गेल्या. त्या वाढल्या, कुंपणांखालून निसटून दूरवर पसरल्या, आणि गोचिडांची वाहतूक करू लागल्या. गोचीड वाहणाऱ्या हरणांना निदान औषधी मका खाऊ घालता येतो. नीलगाय त्या मक्याला फारसं तोंड लावत नाही, आणि तिला हौदात कोण उतरवणार? त्या ज्या वाटांनी कुंपणाखालून जातात, तिथे आपोआप फवारणी करून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत.

औषधांना न जुमानणारे गोचीड मेक्सिकोत आणि भारतातही आढळले आहेत. लस आहे, पण अर्धीच जमेची. गोचिडाच्या आतड्यातल्या एका प्रथिनावर बेतलेली ही लस टेक्सासमधल्या दोन जातींपैकी एका जातीच्या गोचिडावर फार चांगली चालते. दुसऱ्या जातीवर तिचा प्रभाव बराच कमी पडतो, आणि महाराष्ट्रातल्या गोठ्यांत प्रामुख्याने सापडतो तो याच दुसऱ्या जातीचा गोचीड.