रिव्हर्स कॅमेऱ्याला सप्लाय कुठून घ्यायचा?

कार ॲक्सेसरीजचं काम सुरू करताय? मग कॅमेरा बसवण्याआधी त्याचं वायरिंग पक्कं शिका. गिऱ्हाईक स्क्रीनवर भरवसा ठेवून गाडी मागे घेतं, आणि मागे लहान मूल असू शकतं.

साधी पद्धत अशी: कॅमेऱ्याची लाल वायर रिव्हर्स लाइटच्या प्लसला, काळी बॉडीच्या अर्थला. लाइटची वायर रंगावरून ठरवू नका, गाडीगणिक रंग बदलतात. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, रिव्हर्स गिअर टाका. मल्टिमीटरवर 12 व्होल्टच्या आसपास आले आणि गिअर काढल्यावर शून्य झालं, की वायर बरोबर. ट्रक-बसमध्ये बहुतेक 24 व्होल्ट असतात; कॅमेऱ्यावरचा आकडा वाचूनच जोडा.

आता खरी गोम. काही नव्या गाड्यांत या लाइटला सप्लाय सलग नाही, तुटक-तुटक मिळतो. लाइटमध्ये ते कळत नाही, पण स्क्रीनवरचं चित्र थरथरतं. लोक चांगला कॅमेरा बदलून टाकतात! अशा गाडीत चावी ऑन केल्यावर चालू होणाऱ्या लाइनवरून, फ्यूज लावून, रिलेमार्फत सप्लाय द्या. रिव्हर्स लाइटची वायर फिल्टर लावून फक्त रिले चालू करायला वापरा.

वायर जोडताना बॅटरीची मायनस काढून ठेवा. नुसती पिळून टेप मारू नका; सोल्डर करा, वर हीट श्रिंक चढवा. शेवटी गिऱ्हाइकासमोर पाच-सहा वेळा गिअर टाकून दाखवा, मगच बिल करा. तक्रार घेऊन परत आलेली गाडी फुकटात करावी लागते, बरं का!