समोरचा संघ ‘अपठित’ असतो तेव्हा



मुलांना तालुक्याला खेळायला नेताना एक प्रश्न हमखास येतो, “सर, समोरचा संघ कसा आहे?” केंद्रावर हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथे सगळ्या शाळा एकमेकींना ओळखून असतात. कोणाचा चढाईपटू कुठल्या कोपऱ्यात घुसतो हे पोरांना पाठ असतं. तालुक्याच्या मैदानावर मात्र समोरचा संघ म्हणजे शिष्यवृत्तीच्या पेपरातला अपठित उतारा. तो आधी वाचलेला नसतो, पण उत्तरं तर द्यावीच लागतात.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉल संघांना दर मार्च महिन्यात हाच पेपर असतो. त्यातलं २०२३ सालचं एक उदाहरण समजून घेण्यासारखं आहे.

आधी स्पर्धेची रचना पाहू. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ असतात आणि हरला तो घरी. मग एकूण सामने किती? पाचवीच्या वर्गाला जरूर विचारा. मुलं ६४, ३२, १६ करत बेरजा मांडत बसतील. पण प्रत्येक सामन्यात एकच संघ बाहेर पडतो आणि शेवटी एकच उरतो, म्हणजे बाहेर पडायचे ६७ आणि सामनेही ६७. या ६८ संघांचे चार विभाग करून प्रत्येक विभागात १ ते १६ मानांकन देतात. पहिल्या फेरीत क्रमांक १ ची गाठ १६ शी. १९८५ ते २०१७ या ३३ वर्षांत अशा १३२ सामन्यांत १६ वा संघ एकदाही जिंकला नव्हता. २०१८ मध्ये मेरीलँडच्या एका विद्यापीठाने व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवलं, तेव्हा ती साखळी तुटली. (मुलींच्या स्पर्धेत हे आधीच घडलं होतं बरं का! १९९८ मध्ये हार्वर्डच्या मुलींनी स्टॅनफर्डला हरवलं होतं.)

आता २०२३. इंडियाना राज्यातलं पर्ड्यू विद्यापीठ क्रमांक १ वर होतं. हंगामात २९ विजय, फक्त ५ पराभव. त्यांचा झॅक इडी ७ फूट ४ इंच उंच, म्हणजे जवळपास २२४ सेंटिमीटर. बास्केटची कडी असते १० फुटांवर. पट्टीने फळ्यावर प्रमाण काढून दाखवलं की मुलांना गंमत कळते.

१२ मार्चला, रविवारी, पर्ड्यूने आपल्या ‘बिग टेन’ गटाचा अंतिम सामना जिंकला आणि त्याच संध्याकाळी राष्ट्रीय स्पर्धेची गटवारी जाहीर झाली. पण त्यांच्यासमोर एका संघाचं नाव नव्हतं, दोन होती : फेअरली डिकिन्सन आणि टेक्सस सदर्न. या दोघांत बुधवारी रात्री पात्रता सामना, आणि जो जिंकेल त्याच्याशी शुक्रवारी पर्ड्यूची लढत. म्हणजे पक्कं नाव कळल्यावर हातात दोन दिवससुद्धा नाहीत.

अशा वेळी हे संघ काय करतात? सहायक प्रशिक्षक संघ वाटून घेतात. एकाने या संघाचे व्हिडिओ पाहायचे, दुसऱ्याने त्या संघाचे. प्रत्येक खेळाडू कोणत्या हाताने चेंडू नेतो, कुठून नेम धरतो, दमल्यावर काय करतो, याच्या नोंदी काढायच्या. मग राखीव खेळाडूंचा एक संघ करतात. ही मुलं समोरच्या संघाचं सोंग घेऊन खेळतात आणि मुख्य खेळाडू त्यांच्याविरुद्ध सराव करतात. मैदान मिळालं नाही तर हॉटेलच्या हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टीने रेषा आखून नुसतं चालत चालत डाव समजावतात.

खरी अडचण इथेच आहे. माहिती व्हिडिओतून मिळते, पण वेग आणि उंची यांचं सोंग घेता येत नाही. बुधवारी जिंकलेला फेअरली डिकिन्सन हा न्यू जर्सीचा संघ त्या वर्षी पहिल्या श्रेणीच्या ३६३ संघांत सर्वांत बुटका होता. सरासरी उंची ६ फूट १ इंचाच्या आसपास, आणि चेंडू खेळवणारा डिमिट्री रॉबर्ट्स तर ५ फूट ८ इंच. आदल्या हंगामात या संघाने फक्त ४ सामने जिंकले होते. नवे प्रशिक्षक टोबिन अँडरसन दुसऱ्या श्रेणीच्या छोट्या कॉलेजातून आले आणि तिथले रॉबर्ट्ससारखे तीन खेळाडू सोबत घेऊन आले. चेंडू हातात येऊ दे न येऊ दे, पूर्ण मैदानभर मागे लागायचं, ही त्यांची पद्धत. पर्ड्यूच्या गटात १४ संघ, रोजचे ओळखीचे, बहुतेक धिप्पाड. असं चिलटासारखं भोवती घोंगावणारं कोणी त्यांना सहसा भेटत नसे. सरावात उंच मुलांनी बुटक्यांचं सोंग घ्यायचं तरी कसं?

तीच अडचण उलट्या बाजूलाही होती. ७ फूट ४ इंचाचा माणूस सरावाला आणणार कुठून? (काही प्रशिक्षक अशा वेळी सहायकाच्या हातात चक्क झाडू देतात आणि तो उंच धरायला लावतात. आपल्या शाळेत हे साहित्य सहज उपलब्ध आहे!) पण एक फायदा त्यांच्याकडे होता. बुधवारी जिंकलो तर शुक्रवारी कोण, हे त्यांना रविवारीच ठाऊक होतं. बुधवारच्या विजयानंतर अँडरसन आपल्या मुलांना म्हणाले की, पर्ड्यूला जितकं पाहतो तितकं वाटतं की आपण त्यांना हरवू शकतो. तेव्हा कॅमेरा चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

१७ मार्चला ओहायो राज्यातल्या कोलंबसमध्ये त्यांनी इडीच्या पुढे एक आणि मागे एक खेळाडू उभा केला. उंचीवर चेंडू देणं अवघड झालं. मग चेंडू जायचा बाहेरच्या नेमबाजांकडे. हा ठरवून पत्करलेला धोका होता, कारण त्या नेमबाजांचा दिवस चांगला असता तर डाव उलटला असता. पण पर्ड्यूने तीन गुणांचे २६ प्रयत्न केले आणि पडले ५. इडीने तरीही २१ गुण मिळवले, म्हणजे त्याला पूर्ण थांबवलं असं नाहीच. थांबवलं ते बाकीच्यांना. निकाल ६३-५८. फेअरली डिकिन्सन जिंकलं. त्यांचा शॉन मूर १९ गुणांसह सर्वांत पुढे होता, आणि तो त्याच कोलंबस परिसरातला मुलगा. पुढच्या फेरीत मात्र ते फ्लोरिडा अटलांटिककडून ७८-७० असे हरले.

काही पालक विचारतात, “मग एवढे व्हिडिओ पाहून, नोंदी काढून पर्ड्यूला मिळालं काय?” प्रश्न रास्त आहे. माझं मत असं की तयारीचे दोन भाग असतात : समोरच्याला ओळखणं आणि आपल्याला रोजच्यापेक्षा वेगळं काही पडलं तर काय करायचं हे आधी ठरवणं. दोन दिवसांत पहिला भाग होतो, दुसऱ्याला अख्खा हंगाम लागतो. म्हणून शाळेतही फक्त आपसात सराव न घेता कधी मोठ्या वर्गाशी, कधी शेजारच्या शाळेशी, कधी मुद्दाम एक गडी कमी ठेवून खेळवावं.

पर्ड्यूला पुढच्याच वर्षी तोच पेपर पुन्हा आला. २०२४ मध्ये ते परत क्रमांक १, परत प्रतिस्पर्धी बुधवारी रात्री ठरणार, परत सामना शुक्रवारी. ग्रॅम्बलिंग स्टेटविरुद्धचा तो सामना त्यांनी ७८-५० असा जिंकला आणि ते थेट अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. तिथे कनेटिकटने त्यांना ७५-६० असं हरवलं.