वाफ्यातली मांजरं

परसबागेत मेथी पेरावी, तर सकाळी वाफा उकरलेला आणि त्यात मांजराची घाण! गटाच्या बैठकीत ही तक्रार आता हप्त्यांच्या बरोबरीने येते. मागे विष घालायची गोष्ट निघाली. आम्ही साफ नाही म्हटलं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे, शिवाय ते विष कोंबडी खाईल, एखादं पोर खाईल. डांबराच्या गोळ्याही विषारीच.

मांजराला भुसभुशीत, कोरडी माती लागते. म्हणून पेरल्यावर वाफा ओलसर ठेवा. वर तुराट्या, पऱ्हाट्या आडव्या-उभ्या टाका. बसायला वीतभर जागा उरू देऊ नका. रोपांनी माती झाकली की त्रास बराच कमी होतो. आणि लांबच्या कोपऱ्यात पाटीभर कोरडी वाळू ठेवा. त्यांनी तरी जायचं कुठे?

घाण रोजच्या रोज काढून बागेपासून दूर खोल पुरा. तिच्यात टॉक्सोप्लाझ्माचे जंतू असू शकतात आणि ते पोटातल्या बाळाला बाधतात. गरोदर सुनेला, लेकीला हे काम सांगू नका. घरातल्या पुरुषांनी केलं तरी चालतं! खुरपणीनंतर साबणाने हात धुवा. मेथी, कोथिंबीर दोन-तीन पाण्यांनी धुऊनच चिरा.