न दिसणारे घर

मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात बहुधा एकदाच घर बांधतो. कापड, भांडी, धान्य या वस्तू तो वारंवार घेतो. एकदा फसला तर दुसऱ्या वेळी सावध होतो. घराच्या बाबतीत ही सोय नाही. अनुभव पदरात पडेपर्यंत भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम संपलेली असते, कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात आणि मिळालेले शहाणपण वापरण्यासाठी दुसरे घर उरलेले नसते. म्हणून घर बांधू इच्छिणाऱ्याला इतरांच्या अनुभवावर विसंबावे लागते. दुर्दैव असे की, ही चौकशी नेमकी चुकीच्या गोष्टींची होते. फरशी कोणत्या कंपनीची, ओट्याचा ग्रॅनाइट कोणत्या रंगाचा, दर्शनी भागाचा घाट कसा, हे शेजाऱ्याला आवर्जून विचारले जाते. पाया किती खोल गेला, खाली काय लागले, स्लॅबवर किती दिवस पाणी होते, हे कोणी विचारीत नाही. आणि विचारले तरी पुष्कळदा मालकाला ते सांगता येत नाही.

घराचे आयुष्य मात्र या दुसऱ्या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. फरशी आवडली नाही तर पाच वर्षांनी बदलता येते. पाया बदलता येत नाही. रंग पुन्हा देता येतो. स्लॅबच्या पोटातील सळई गंजू लागली तर तिला पुन्हा नवी करता येत नाही. तेव्हा हाती असलेल्या पैशाचा आणि लक्षाचा पहिला वाटा घराच्या न दिसणाऱ्या भागाला मिळाला पाहिजे, हा गृहबांधणीचा पहिला नियम म्हणावा लागेल.

किल्लारीचा धडा

हा नियम मोडल्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. रिश्टर मापनावर हा भूकंप सहाच्या थोडा वर होता. एवढ्या किंवा याहून मोठ्या भूकंपांची संख्या जगात दरवर्षी सरासरीने शंभरावर जाते; त्यांतील बहुतेकांत असा संहार होत नाही. किल्लारी परिसरात बहुतेक बळी घेतले ते कोसळणाऱ्या घरांनीच.

ही घरे दिसावयास दणकट होती. भिंती दोन फुटांच्या आणि त्याहूनही जाड. परंतु बाहेरचा दगडी थर वेगळा, आतला वेगळा आणि मधे कपच्या व माती यांची भर, अशी त्यांची रचना होती. दोन्ही थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड बहुधा घातलेले नव्हते. वर माळवद; त्यावर वर्षानुवर्षे माती चढविल्यामुळे त्याचे वजन वाढत गेलेले. जमीन हादरताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून फाकले आणि मातीचे छत झोपलेल्या माणसांवर आले. उलट, छताचा भार लाकडी खांबांनी स्वतंत्रपणे पेललेला होता अशा काही घरांत भिंती पडल्या तरी छत उभे राहिले. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत हा समज त्या पहाटे खोटा ठरला.

त्यानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, हे सर्वांस ठाऊक आहे. तेवढेच महत्त्वाचे असलेले दुसरे काम मात्र फारसे चर्चिले गेले नाही. लाखाहून अधिक घरे, शासनाच्या अर्थसाह्याने आणि अभियंत्यांच्या मार्गदर्शनाखाली, मालकांनी आहे त्याच जागी दुरुस्त व मजबूत केली. माळवदावरची माती कमी करावयाची, भिंतीत ठिकठिकाणी आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरावयाचे आणि दोन्ही थर जोडावयाचे, चारी भिंतींना एकत्र बांधणारे पट्टे घालावयाचे, असे या दुरुस्तीचे स्वरूप होते. गावोगावी स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमून ही माहिती घरोघर पोचविण्यात आली. सामान्य माणसाला बांधकामाचे शास्त्र समजत नाही, हा आक्षेप या कामाने निकालात काढला आहे.

माती, पाणी आणि दिवस

ज्याला आज नवे घर बांधावयाचे आहे त्याने प्रारंभ जमिनीपासून करावा. दख्खनच्या पठारावर फार मोठ्या क्षेत्रात काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावर टेकलेली भिंत दरवर्षी थोडी वर उचलली जाते व थोडी खाली बसते. दाराच्या कोपऱ्यातून निघणाऱ्या तिरप्या भेगांचे मूळ पुष्कळदा येथे असते. अशा जमिनीत पाया काळी माती ओलांडून मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेला पाहिजे. मुरूम फार खोल असेल तर खाली फुगीर बुंधा असलेल्या काँक्रीटच्या खांबांवर घर उभारण्याची पद्धत रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केली आहे. कोणता मार्ग घ्यावा हे अभियंत्याने ठरवावे. पण पाया भरण्यापूर्वी मालकाने स्वतः चरात उतरून तळ पाहावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. काँक्रीट कालविताना पाणी जितके अधिक तितके ते पसरावयास सोपे आणि वाळल्यावर तितकेच दुबळे. म्हणून गवंड्याला ते पातळ हवे असते आणि मालकाला ते तसे नको असले पाहिजे. घरगुती बांधकामात वापरल्या जाणाऱ्या एम २० प्रतीच्या काँक्रीटसाठी, माप धरून माल कालविताना, ५० किलोंच्या एका पोत्यामागे ३० लिटरपेक्षा अधिक पाणी नको, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. ओल्या वाळूतील पाणीही यातच धरावयाचे असते. बादलीचे माप ठरवून दिले तर या तपासणीला पदवी लागत नाही.

कालविताना जे पाणी शत्रू असते तेच काँक्रीट घट्ट झाल्यावर मित्र होते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस सतत ओले ठेवावे, शक्य तर १४ दिवस ठेवावे, असे मानक सांगते. आज बाजारात मिळणारे बरेचसे सिमेंट राखमिश्रित असते. सकाळ-संध्याकाळ नळीने पाणी मारले म्हणजे काम झाले, असे नव्हे. दुपारच्या उन्हात स्लॅब कोरडी पडता कामा नये. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे, खांबांना ओले गोणपाट गुंडाळावे. टेकू काढण्याचीही घाई नको. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांपूर्वी आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांपूर्वी हलवू नयेत. सेंट्रिंगचे सामान दुसऱ्या कामावर न्यावयाचे आहे, ही अडचण ठेकेदाराची आहे; घराची नाही.

मालाची परीक्षाही मालकाला करता येते. बाटलीत निम्मी वाळू व वर पाणी घेऊन खळखळून हलवावे आणि काही तास स्थिर ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या बाराव्या भागाहून जाड असेल तर ती वाळू परत पाठवावी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या असता खणखणीत आवाज यावा. कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात ठेवली असता तिचे वजन पाचव्या हिश्शाहून अधिक वाढू नये. सिमेंटच्या पोत्यावर ते कोणत्या आठवड्यात तयार झाले ते छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासून घेतल्याशिवाय वापरू नये. स्लॅबची सळई सेंट्रिंगच्या पत्र्याला टेकता कामा नये; तिच्याखाली किमान २० मिलिमीटर काँक्रीट राहील असे ठोकळे ठेवावेत. हे ठोकळे नाममात्र किमतीचे असतात आणि ते न ठेवल्यामुळे सळई उघडी पडून स्लॅबचे पापुद्रे सुटतात.

जुन्या घराला हात लावताना

नव्या बांधकामापेक्षा जुन्याची दुरुस्ती अधिक जोखमीची असते, कारण तेथे आधीच कोणीतरी राहत असते. २५ जुलै २०१७ रोजी मुंबईत घाटकोपर येथे एक चार मजली इमारत कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावर त्या वेळी फेरफाराचे काम चालू होते आणि त्यात खांबांना धक्का लागला, अशी रहिवाशांची तक्रार होती. भिंत पाडून दोन खोल्यांची एक करावी, ही इच्छा गैर नाही. परंतु कोणती भिंत केवळ आडोसा आहे आणि कोणती भार वाहते, हे डोळ्यांना दिसत नाही. जाणकार अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय भिंतीला वा खांबाला हात लावू नये.

वजनाचा हिशेबही असाच विसरला जातो. राहत्या घराच्या स्लॅबचा आराखडा करताना माणसे व सामान यांसाठी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरतात. जुनी फरशी न काढता तिच्यावर दोन इंच मसाला घालून नवी बसविली की, दर चौरस मीटरला शंभराहून अधिक किलोंचा कायमचा बोजा चढतो. गच्चीवर ठेवलेली हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते. ओल आलेल्या भिंतीवर रंग चढविणे हा तर निव्वळ अपव्यय. ओल नळातून येते, गच्चीतून येते की न्हाणीघराच्या फरशीखालून, हे शोधल्याशिवाय ब्रशला हात लावू नये.

यावर असे म्हटले जाईल की, हे सारे खर्च वाढविणारे आहे. वस्तुतः यांतील पुष्कळशा गोष्टींना पैशाहून लक्ष अधिक लागते. खर्च कमी करावयाचा तर त्याचेही शास्त्र आहे. इंग्लंडमध्ये जन्मून केरळात स्थायिक झालेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी विटा कडेवर उभ्या लावून आत पोकळी ठेवणारी भिंत आपल्या अनेक इमारतींत वापरली. तिच्यात जवळजवळ चौथाई विटा वाचतात. गिलावा, नक्षी, खोटे छत यांना त्यांनी काटछाट केली. पाया आणि जोडणी यांना नव्हे. आपण नेमके उलट करतो. ठेकेदाराशी लेखी करार करावा, कामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे द्यावेत आणि पहिला पावसाळा पार पडेपर्यंत काही रक्कम हाती राखावी, एवढी दक्षता घेतली तरी अर्धे वाद टळतील.

तथापि सारा भार एकट्या मालकावर टाकणे न्याय्य होणार नाही. शिक्षकाने शिकवावे, कारकुनाने कचेरी सांभाळावी आणि शिवाय बांधकामाचा तज्ज्ञही व्हावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. किल्लारीनंतर जे मार्गदर्शन गावोगावी पोचू शकले ते आपत्तीची वाट न पाहता नेहमीसाठी का मिळू नये? जिल्ह्याजिल्ह्यांत शासकीय तंत्रनिकेतने आहेत. तेथील अध्यापकांनी आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस अल्प शुल्कात घर बांधणाऱ्यांचे आराखडे तपासून दिले, पाया व स्लॅब या दोन टप्प्यांवर प्रत्यक्ष पाहणी केली आणि गवंड्यांसाठी मराठीतून छोटे वर्ग चालविले, तर विद्यार्थ्यांनाही पुस्तकाबाहेरचे बांधकाम पाहावयास मिळेल. यासाठी नवे खाते काढावयास नको. एका शासननिर्णयाची आणि थोड्याशा प्रवासभत्त्याची गरज आहे.

तोवर घर बांधणाऱ्याने आपल्यापुरते एवढे करावे. वास्तुशांतीला येणारे पाहुणे फरशीची स्तुती करतील, ती ऐकून घ्यावी. पण त्यापूर्वी, पाया उघडा होता तेव्हा तो पाहण्यासाठी आणि स्लॅब ओली ठेवावयाची होती तेव्हा ती राखण्यासाठी जी रजा खर्ची पडेल, तिच्याइतकी सार्थकी लागलेली रजा नोकरीत दुसरी नसेल.