बाथरूमची भिंत सहा इंच सरकली तर काय काय बदलतं? बांधकामातलं 'बीआयएम' समजून घ्या

घराचं काम सुरू आहे. विटांच्या भिंती उभ्या राहिल्यात. तुम्ही साईटवर जाता आणि म्हणता, "बाथरूम जरा लहान वाटतंय, ही भिंत सहा इंच सरकवा ना."

मागणी साधी आहे. पण भिंतीसोबत पाण्याची लाईन सरकते, विजेचा पाईप सरकतो, पलीकडच्या बेडरूममध्ये कपाट बसेनासं होतं आणि टाईल्सचं माप चुकतं. महिनाभराने बिलात 'एक्स्ट्रा आयटम' दिसतो आणि वाद सुरू होतो.

एका घरात एवढं, तर मेट्रो किंवा हॉस्पिटलच्या कामात किती? हे बदल सांभाळण्यासाठी जी पद्धत वापरली जाते तिचं नाव आहे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजेच बीआयएम.

जुन्या पद्धतीत अडचण काय?

आर्किटेक्टचं ड्रॉइंग वेगळं, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं वेगळं, प्लंबिंगचं आणि इलेक्ट्रिकचं वेगळं. एका कागदावर भिंत सरकली, तरी बाकीच्या कागदांवर ती आपोआप सरकत नाही. प्रत्येकाला कळवावं लागतं. ऑफिसात तिसरं रेव्हिजन निघालेलं असतं आणि गवंड्याच्या हातात अजून दुसरंच असतं. मग बांधलेलं पाडायचं आणि पुन्हा बांधायचं.

मग बीआयएममध्ये वेगळं काय होतं?

अनेकांना वाटतं, बीआयएम म्हणजे इमारतीचं थ्रीडी चित्र. तसं नाही. मॉडेलमधल्या भिंतीला ती भिंत आहे हे 'माहीत' असतं. तिची जाडी, साहित्य, मजला, त्यातला दरवाजा अशी माहिती तिला जोडलेली असते. भिंत सरकवली की दरवाजाही सरकतो आणि त्याच मॉडेलमधून निघणारे प्लॅन, सेक्शन आणि विटांची संख्याही बदलते.

मॉडेलला कामाचं वेळापत्रक जोडलं की त्याला फोरडी म्हणतात, खर्च जोडला की फाईव्हडी. महामेट्रोने नागपूर मेट्रोसाठी हीच फाईव्हडी पद्धत स्वीकारली होती. ब्रिटनमध्ये केंद्र सरकारच्या बांधकामांसाठी 2016 पासून बीआयएम बंधनकारक आहे.

बदल मंजूर कसा होतो?

आधी बदलाची लेखी नोंद होते: कोणी मागितला आणि का. मग तो मॉडेलमध्ये करून पाहिला जातो. सगळ्यांची मॉडेल्स एकत्र ठेवली की 'क्लॅश' दिसतात, जसं एसीचा डक्ट थेट बीममधून जातोय. स्क्रीनवर डक्ट सरकवायला काही मिनिटं लागतात. स्लॅब पडल्यावर तेच काम म्हणजे तोडफोड.

त्यानंतर खर्च आणि दिवस किती वाढतील ते काढलं जातं. जबाबदार व्यक्तीने होकार दिला, तरच नवी फाईल साईटवर जाते. आयएसओ 19650 या आंतरराष्ट्रीय मानकात फाईलचे चार टप्पे आहेत: काम सुरू, इतरांना दाखवलेली, मंजूर आणि जुनी. साईटवर फक्त मंजूर फाईल वापरायची. जुनी पुसायची नाही, म्हणजे कोणी काय बदललं ते नंतरही शोधता येतं.

मॉडेल असलं की चिंता मिटली?

नाही. दक्षिण कोरियातल्या सोल शहरात 29 जून 1995 रोजी साम्पूंग डिपार्टमेंट स्टोअर कोसळलं आणि 502 जणांचा जीव गेला. बांधकाम सुरू असताना इमारतीचा वापर बदलला, एस्कलेटरसाठी खांब काढले, वर पाचवा मजला चढवला. ठेकेदार कंपनीने हरकत घेतली, तर तिलाच बदललं.

तिथे धोका कळत नव्हता असं नाही, कळूनही ऐकलं गेलं नाही. मॉडेल धोका दाखवू शकतं, 'नाही' म्हणण्याचं धाडस माणसालाच करावं लागतं. शिवाय साईटवर परस्पर झालेला बदल कोणी मॉडेलमध्ये भरलाच नाही, तर मॉडेल आणि इमारत दोन वेगळ्या गोष्टी होतात.

आपल्याला याचा काय उपयोग?

तुम्ही फ्लॅट बुक केला असेल, तर रेरा कायद्याचं कलम 14 लक्षात ठेवा. किरकोळ आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक बदल सोडले, तर तुमच्या फ्लॅटच्या मंजूर आराखड्यात तुमच्या संमतीशिवाय बदल करता येत नाही. इमारतीच्या किंवा सामायिक जागेच्या आराखड्यात बदल करायचा तर किमान दोन तृतीयांश ग्राहकांची आधी लेखी संमती लागते.

आणि स्वतःचं घर बांधत असाल, तर सॉफ्टवेअर नसलं तरी चालेल. प्रत्येक बदल लिहून घ्या, खर्च आधी विचारा, ड्रॉइंगवर तारीख टाका आणि जुनी प्रत साईटवरून काढून घ्या. बीम किंवा खांबाला हात लावायचा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय छिन्नी चालवू देऊ नका.